एक मूठ अंतर

चोपड्याच्या आमच्या कॉलेजात आजवर झालेली सगळी चांगली भाषणं नानांमुळे ऐकू आली आणि सगळी कंटाळवाणी भाषणंही नानांमुळेच ऐकू आली. एवढा एक दोष सोडला तर त्या माणसात दोष नव्हता. नाना कॉलेजचे शिपाई. पण त्यांची खरी नेमणूक सभागृहातल्या दोन काळ्या स्पीकरांवर झालेली आहे, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. हे स्पीकर पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असलेले, थेट विजेवर चालणारे. नाना त्यांना जवाई म्हणत. कारण दोघांची रीत एकच: सगळी तयारी झाल्यावर शेवटी यायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. म्हणजे चालू करताना आधी मिक्सर, म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करायची पेटी, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर, मग मिक्सर. हा क्रम चुकला की स्पीकरमधून ‘धप्प’ असा दणका येतो आणि आतला पडदा फाटायची भीती असते. नानांच्या अख्ख्या नोकरीत तसा दणका कुणी ऐकला नव्हता.

जावयांची बडदास्तही तशीच. आतलं यंत्र तापतं म्हणून पाठीमागे भिंतीपासून वीतभर मोकळी जागा हवी. उन्हाळ्यात खिडकीतलं ऊन दुपारी कुठवर येणार याचा अंदाज घेऊन नाना स्पीकरला सावलीतली जागा सुटेल असं व्यासपीठ सरकवायला लावत. स्पीकर नाही, व्यासपीठ. एकदा कुणीतरी मोठ्या मायेने कूलर स्पीकरकडे वळवला, तर नानांनी तो प्राचार्यांकडे फिरवला. ओला वारा स्पीकरला चालत नाही, प्राचार्यांना चालतो, असं त्यांचं मत होतं. एका प्रमुख पाहुण्यांनी सत्काराची शाल स्पीकरवर टाकली होती. भाषण ऐन रंगात आलेलं असताना नाना वर गेले, शाल उचलली, घडी घातली आणि पाहुण्यांच्या खांद्यावर ठेवून खाली आले. पाहुण्यांना वाटलं, पुन्हा सत्कार झाला. त्यांनी वाकून नमस्कार केला. पावसाळ्यात दमटपणा धरू नये म्हणून दर शनिवारी नाना खोळी काढून, कोरड्या ब्रशने धूळ झाडून स्पीकर अर्धा तास चालवत. लावायचं काय, तर रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या. सातपुड्यात पाऊस किती पडणार हे आमच्या सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्यांना तालुक्यात सर्वांत आधी कळायचं.

स्नेहसंमेलनात मात्र हा माणूस पोरांना वैरी वाटे. आवाज वाढवा म्हणून पोरं मागे लागत आणि नाना स्पीकरवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवत. “तो लागना म्हंजे स्पीकर गात नई, रडस.” एके वर्षी मांडववाल्याने आणलेल्या बोर्डात प्लग बसेना, म्हणून त्याने प्लगची जाड पिन कापायला पकड काढली. ती अर्थिंगची पिन, शॉकपासून वाचवणारी. नानांनी प्लग काढून घेतला आणि तो मुठीत धरून पहिल्या रांगेत जाऊन बसले. एका गायक पोराने विचारलं, नाना, एका पिनीने काय होतंय? नाना म्हणाले, “माईक कोन धरी? तूच ना? मंग तुले विचारीसन कापसू.” पोरगं नानांच्या शेजारी येऊन बसलं. दुसरा बोर्ड येईपर्यंत अख्खं संमेलन थांबलं.

एवढं सगळं करणाऱ्या या माणसाने स्वतः माईकवर आयुष्यात फक्त “हॅलो, एक, दोन, तीन” म्हटलं होतं. चारसुद्धा नाही.

माझे वडील केळीच्या गाड्या भरायला जात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पहिल्या वक्तृत्व स्पर्धेत मी शुद्ध भाषेत पाठ केलेलं भाषण दुसऱ्याच वाक्याला विसरले आणि तोंडातून घरची बोली बाहेर पडली. सभागृह हसलं. मी माईकपासून मागे सरकले. तेवढ्यात नाना वर आले, माईक माझ्या उंचीला खाली केला, माझ्या तोंडासमोर आपली मूठ धरली आणि हळूच म्हणाले, “मशीनले भाषा समजत नई, बेटा. तिले अंतर समजस. एक मूठ. बोल आते.” बक्षीस मिळालं नाही, पण भाषण मी पूर्ण केलं. आज फैजपूरला शाळेत शिकवते, ते त्या मुठीच्या अंतरावरूनच.

गेल्या मार्चमध्ये नाना निवृत्त झाले. निरोपाला मी मुद्दाम गेले. कार्यक्रमाआधी नाना मला कोपऱ्यात घेऊन गेले. लोक बोलायला लावतील, पण मी काही बोलणार नाही, असं म्हणाले. धुळ्याकडच्या खेड्यातला माणूस मी, माझी बोली अहिराणी, असं सांगून त्यांनी माईककडे बोट दाखवलं, “तठे शुद्ध लागस.” मला हसावं की रागवावं कळेना. मी काही म्हणायच्या आत ते वायर बघायला गेले.

मग त्यांना हार घालून व्यासपीठावर बसवलं. पकडून आणल्यासारखे बसले होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या शिपायाने आधी स्पीकर चालू केले, मग मिक्सर. धप्प! नानांनी डोळे मिटले. पुढची चार भाषणं त्यांनी ऐकली असतील असं मला वाटत नाही.

शेवटी प्राचार्यांनी त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. नाना माईकपुढे आले, सवयीने म्हणाले, “हॅलो, एक, दोन, तीन.” सगळे हसले. नाना मागे सरकले. परत फिरायच्या बेतात त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी खुर्चीतून उठले आणि आपल्या तोंडासमोर मूठ धरली.

त्यांनी ती मूठ बघितली. मग माईकपासून एक मूठ अंतरावर उभे राहिले.

“मनी सारी नोकरी तुमना आवाज मोठा करामा गई,” नाना म्हणाले. “मना आवाज मी आज पहिल्यांदा ऐकी राह्यनू.” त्यांनी स्पीकरकडे बघितलं. “बरा शे.”

टाळ्या इतक्या झाल्या की लाल दिवा लागायला हवा होता. कार्यक्रम संपला, लोक जेवायला उठले. नव्या शिपायाचा हात मिक्सरकडे गेला. नानांनी तो धरला आणि स्पीकरच्या बटणावर नेऊन ठेवला. “पहिले जवाई.” दोन हिरवे दिवे विझले. आवाज काहीच आला नाही.

मग नानांनी गळ्यातला हार काढला. स्पीकरवर काही ठेवायचं नसतं, म्हणून माझ्या हातात दिला आणि खोळी चढवायला लागले. दुसऱ्या खोळीची नाडी बांधताना त्यांना जरा वेळ लागला.