अक्रोडाची पिशवी एक

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे आता विसरलो. एक साधी अपघाताची नोंद मात्र विसरता येत नाही, कारण ती माझ्या सहीची होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर म्हणून हजर झालो. नवा फौजदार होतो तेव्हाही याच ठाण्यात दोन वर्षं काढली होती. चार्ज घेऊन आठवडा झाला नाही तोच वरून एक निनावी अर्ज चौकशीला आला. तालुक्यातला एक माजी सैनिक अपंगत्वाच्या पेन्शनसाठी खोटं अपील करतोय आणि ठाण्याचं जुनं रेकॉर्ड बदलून घ्यायला आमच्या कारकुनाला पैसे चारतोय, असा मजकूर. निनावी अर्जाला मी फारशी किंमत देत नाही, पण आरोप माझ्याच ठाण्यावर होता. माणसाला बोलावून घेतलं.

चाळिशीचा गडी, उजवा पाय गुडघ्याखाली नाही, काखेत कुबडी. वाशिंदला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. मी बसायलाही सांगितलं नाही. तेव्हा माझी रीतच तशी होती.

"कारकुनाला किती दिलेस?"

"साहेब, द्यायला असते तर अपील कशाला करत बसलो असतो?"

"मग ठाण्यात सारख्या खेपा कशाला?"

"खरी नक्कल पायजे. तुमी लोक दर टायमाला तीच खोटी देता."

ठाण्यात उभं राहून ठाण्याच्या नकलेला खोटी म्हणतो म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. तासभर फैलावर घेतला. आवाज चढवला, कोठडी दाखवली. त्यानं ना हात जोडले, ना शब्द फिरवला. शेवटी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. पहिलं अपील फेटाळल्याचं पत्र होतं.

ही अपिलं कशी ठरतात ते मला त्या दिवशी त्याच्याकडूनच कळलं. जवानाला अनफिट करून घरी पाठवताना डॉक्टरांचं बोर्ड दोन गोष्टी लिहितं: अपंगत्व किती, आणि ते नोकरीमुळे आलं का. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं की पेन्शन अडली. त्यावर एक अपील, तेही गेलं तर वरच्या समितीकडे दुसरं. रजेवर घरी येतानाच्या वाटेत अपघात झाला तर तो ड्युटीवरचा धरतात. घरी पोचल्यावर स्वतःच्या कामाला जाताना झाला, तर नाही. आणि हे सगळं कागदावर. माणसाला कुणी समोर बोलावत नाही, पाय बघत नाही. कागद म्हणेल ते खरं.

पत्रात लिहिलं होतं की, पोलीस ठाण्याच्या नोंदीनुसार अर्जदार "आपल्या घरून खासगी कामानिमित्त प्रवास करीत असताना" जखमी झाला, सबब मागणी मान्य करता येत नाही.

"साहेब, मी कंच्या घरून निघालो? मी तर घरी पोचलोच नाय. आसनगावला गाडीतून उतरलो, शहापूरला जीप धरली, सापगावचा पूल गेला नि जीप पलटी झाली."

सापगाव ऐकलं आणि पत्र पुन्हा ओढून घेतलं. मी अपघाताची तारीख पाहिली, दहा वर्षांपूर्वीची. त्या दिवशी ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत मीच होतो.

आमच्याकडे एक सवय होती, बहुतेक ठाण्यांत असणार. जीपमध्ये आठ-दहा जखमी असले की प्रत्येकाला कोण विचारत बसतो? हवालदार नावांची यादी करायचा आणि खाली सगळ्यांना मिळून एकच ओळ: "वरील सर्व जखमी आपापल्या घरून खासगी कामानिमित्त..." मी न वाचता सही ठोकायचो. त्या ओळीनं कुणाचं काही बिघडेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं.

पण माझ्या आठवणीवर अपील ठरणार नव्हतं. रेकॉर्डरूम उघडायला लावली. वाळवीनं अर्धी बाडं खाल्लेली. दोन दिवस धूळ खाल्ल्यावर मुद्देमालाचं रजिस्टर हाती लागलं. अपघाताच्या जागेवरून आणलेल्या वस्तू: "काळी लोखंडी ट्रंक एक, त्यावर नाव व नंबर रंगवलेला. होल्डॉल एक. अक्रोडाची पिशवी एक." घरून खासगी कामाला निघालेला माणूस ट्रंक आणि बिस्तरा घेऊन निघतो होय? आणि शहापुरात तेव्हा अक्रोड कुठे मिळत होते?

पुढच्या पानावर सामान परत दिल्याची पावती होती, खाली त्याच्या बायकोचा अंगठा. ट्रंक मिळाली, होल्डॉल मिळाला. पिशवी पावतीत नव्हती.

मग सगळं आठवलं. त्या संध्याकाळी हवालदारानं टेबलावर रुळानं अक्रोड फोडले होते. "ट्रंकवाल्याचे आहेत, साहेब. काश्मीरवरून आलाय." मी चहाबरोबर मूठभर खाल्ले. म्हणजे तो कुठून आला हे आम्हाला माहीत होतं, आणि तरीही सही तशीच राहिली. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

निनावी अर्ज निकाली काढला. कारकुनानं काही घेतलं नव्हतं. मग मी माझाच जबाब लिहून दिला: नोंद चौकशी न करता केली, चूक माझी. रजिस्टरची नक्कल जोडून अपिलासाठी त्याच्या हातात दिली. मला सक्त ताकीद मिळाली, सर्व्हिस बुकात लाल शेरा आला. तो मी कमावलेलाच होता.

दुसऱ्या अपिलाचा निकाल यायला आणखी दोन वर्षं गेली. तेव्हाही त्याला कुणी बोलावलं नाही. पेन्शन मंजूर झाली. तोपर्यंत दुसऱ्या पायाचा गुडघाही गेला होता, गेटवर उभं राहून राहून. निकालाचा कागद दाखवायला तो ठाण्यात आला. मी खुर्ची पुढे केली. "बसा," म्हणालो. तोंडून 'तुम्ही' आपोआप आलं.

"त्या दिवशी शुद्धीवर होतात?" मी विचारलं.

"होतो की. दवाखान्यात तुमी माझ्या बाजूलाच उभे होता. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात एकाही जखमीची नोंद त्याला किंवा त्याच्या माणसाला विचारल्याशिवाय झाली नाही. हवालदार कुरकुरायचे, "साहेब, एवढा टाइम कुठंय?" मी त्यांना खुर्चीवरून उठवून दवाखान्यात पाठवायचो. या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच, पण ते शिकायला दुसऱ्याच्या आयुष्याची डझनभर वर्षं लागली.

जबाबात एक गोष्ट लिहिली नव्हती, ती त्या दिवशी त्याला सांगितली. अक्रोडांची.

"आयसाठी घेतले होते," तो म्हणाला. "तिनं कधी खाल्ले नव्हते. आता ती नाय." मग त्यानं विचारलं, "चांगले निघाले का, साहेब?"

"निघाले," मी म्हणालो.