चपलांचे नंबर

कळमनुरीत पंक्चर काढणारे एक चाचा ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता जगाचा कारभार तपासतात. कोरोनात त्यांचा सगळा राग श्रीमंत देशांवर होता. "सोताचं भागलं, तरी लस दाबून बसून राहिले. गरिबानं काय करावं? बराबर हाय का न्हाई?"

दवाखान्यात लस आली त्या दिवशी लोकांनी पहाटेच चपला ठेवून नंबर धरले. चाचांचे चार जोड होते: स्वतःचा, चाचीचा, पोराचा, जावयाचा.

"चाचा, पोरगा अन् जावई तर पुण्यात. त्यांनी तिथंच घेतली ना लस?" मी विचारलं.

"घेतली. पण आले तर? जागा असलेली बरी."

मागून तांड्यावरची म्हातारी म्हणाली, "माज्या पायात चप्पलच न्हाई, बाबा. म्या नंबर कशानं धरू?"

चाचा तिच्या भेगाळल्या पायांकडं बघत राहिले. मग त्यांनी जावयाचा जोड तिच्यापुढं सरकवला. "घाल माय. अन् हितंच उभी ऱ्हा."

मग छाती फुगवून माझ्याकडं वळले. "त्या देशांना येवढंबी जमंना! बराबर हाय का न्हाई?"

"बराबर," मी म्हणालो.

पोराचा जोड अजून रांगेतच होता.