ठाकरवाडीची वाट आणि आमचं बॉक्स ब्लेड

चार शेतकऱ्यांनी मिळून एक अवजार घेतलं की काम कमी आणि किस्से जास्त होतात. आमचं बॉक्स ब्लेड तसंच. ट्रॅक्टरच्या मागं लावायचं लोखंडी खोकं ते. उकरायला दात, माती ओढायला पातं. हवं होतं डोंगरावरच्या ठाकरवाडीच्या वाटेसाठी. आमच्याबरोबर राबणाऱ्या, वाडीतल्या बुधाची बायको सुगंधा पोटुशी होती, पावसाच्या तोंडावर दिवस भरत होते, आणि वाडीतून बाईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे झोळीत घालून. झुडपांत बुजलेली जुनी बैलगाडीची वाट मोकळी झाली तर टेंपो वर चढणार होता.

*

खरेदी शिळफाट्याला. मुरमावर हलकं पातं नुसतं घसरतं, म्हणून वजनदार घेतलं. रुंदी मागच्या चाकांएवढी हवी. ते माप आमच्यातले वडीलधारे नामदेवदादा आधीच घेऊन आले होते, सुतळीला गाठ मारून. घरी आणून लावलं तर खोकं दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर! दादांनी मोजलं तेव्हा ट्रॅक्टरला उन्हाळी भाताच्या चिखलणीची रुंद लोखंडी चाकं जोडलेली होती.

बदलून आणताना दादांच्या चेहऱ्यावर जराही ओशाळेपणा नव्हता. दुकानदाराला म्हणाले, "आमचा ट्रॅक्टर चिखलातच तर असतो."

*

पहिल्या दिवशी सीटवर मी. एकदाच काय ते उकरून मोकळं होऊ म्हणून सगळे दात पार खाली सोडले. करवंदीच्या जाळीत दात असे रुतले की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत! क्लच दाबला, चाकं टेकली आणि मी खाली उतरलो.

बुधा पुढं झाला. कोयता घेऊन जाळीत शिरला, मुळं तोडून बाहेर आला आणि म्हणाला, "आता या." तेव्हापासून आधी बुधाचा कोयता, मग चार बोटंच खोल दात, शेवटी पातं, असा क्रम ठरला.

*

मधल्या सपाटीवर दादा बसले. जन्मभर भाताची खाचरं केलेला माणूस! वाट अशी एकसारखी केली की कौतुक वाटावं, वर दोन्ही कडांना मातीचे सुबक बांधही घातले. रात्री वळवाची सर आली. सकाळी वाटेत घोटाभर पाणी.

मला घाम फुटला. सुगंधाचे दिवस भरत आले होते. बुधा मात्र पाण्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "दादा, रोपं कदी आनू लावायला?"

सगळ्यात जास्त वेळ दादाच हसले. मग स्वतःच बांध फोडले, पातं एका बाजूला कलतं केलं आणि दरीकडे उतार काढून दिला. पाणी निघून गेलं.

*

वाट वाडीपर्यंत पोचली आणि चौथ्या दिवशी पहाटे सुगंधाला कळा सुरू झाल्या. टेंपो वाडीत पोचला आणि वेळेत खाली आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत हे कळलं तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर दादा आणि मी चक्क रडलो.

त्यांना घरी सोडायला मीच टेंपो घेऊन गेलो. चढ सुरू होतो तिथं सुगंधा म्हणाली, थांबवा. लेकीला घेऊन खाली उतरली. बुधा रागावला. मीही म्हटलं, अगं, ओली बाळंतीण तू, बस गपचूप.

तिनं पदर खोचला.

"मागल्या बाळंतपनाला झोळीत व्हते, नुसतं आभाळ दिसलं. या टायमाला कळांनी डोळे मिटलेले. रस्ता कुटं बगितला मी?"