उद्या सव्वानऊला कापायचं

ती सकाळ अजून विसरता येत नाही. आठवली की आधी हसू येतं, मग येत नाही.

तेव्हा मी इतवारी भागातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. कमरेला पिस्तूल, डोळ्यांवर काळा चष्मा. तो मी ठाण्यात बसूनही काढत नसे, आता बोला. एका संध्याकाळी मौद्याहून एक बाई आल्या. हातावर सुयांच्या खुणा. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नागपुरात यायच्या. यजमान वीजकेंद्रातून निवृत्त झालेले.

"मॅडम, आमचे हे फोनवर बोलून राहिले होते. उद्या सव्वानऊले कापायचं, कोणी मागं हटाचं नाही, जबान दिली हाये. मले लई भेव वाटते. रोका त्यायले."

भांड्यांच्या दुकानावरची खोलीही त्यांनीच सांगितली. मी दैनंदिनीत नोंद घेतली, पथक लावलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दार ढकललं. आत अकरा माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. हत्यार म्हणायला पोह्यांचे चमचे. "हत्यारं लपवलीत," मी जाहीर केलं. पंच बोलावले आणि मोबाईल जप्त करून टेबलावर मांडले.

यजमान एकटक आपल्या मोबाईलकडे बघत होते. हात जोडून म्हणाले, "मॅडम, आमचे सर आलेच नाहीत, भाव पडून राहिला. दोन मिनिटं द्या, विकू द्या मले."

"पुरावा विकता?" मी म्हणाले आणि पाकिटावर लाखेचं सील ठोकलं.

ठाण्यात मी चौकशी सुरू केली. "कोणाला कापणार होता?"

"मंदीवाल्यायले."

"नाव, पत्ता?"

"कोणाले माहीत? मुंबईले असतीन."

मी जबाबात लिहायला सांगितलं : मुंबईस्थित अज्ञात इसम, टोपणनाव मंदीवाला. लिहून घेणाऱ्या महिला हवालदाराने पेन खाली ठेवलं. तिचा भाऊ शेअरचं काम करायचा. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "माणूस नाही, सौदा कापतात."

मग उलगडा झाला. एका कंपनीचा भाव पडेल या हिशेबाने बडे लोक उसने शेअर घेऊन विकून बसले होते. परत करायला त्यांना ते विकत घ्यावेच लागणार. या छोट्या शेअरवाल्यांनी ठरवलं होतं, सव्वानऊला बाजार उघडला की कोणीच विकायचं नाही. मग मंदीवाल्यांना हे सांगतील त्या भावाला घेऊन सौदा कापावा लागेल. सही नाही, कागद नाही. इतवारीत जबानीवर टेम्पोभर माल सुटतो, तशी जबान.

ती जबान द्यायला लावणारे सर त्या सकाळी घरी बसून स्वतःचे शेअर विकत होते. पहिली काही मिनिटं घेणारे होते. नंतर भाव त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला आणि घेणारा कोणी उरला नाही. सील फोडायला दुपार झाली. पुढचे कितीतरी दिवस भाव रोज तसाच खाली टेकायचा, घेणारा कोणी नाही.

सरांना आम्ही पकडलं, प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं, पेपरात माझा चष्म्यासकट फोटो आला. यजमानांनी दवाखान्याजवळ म्हणून मनीषनगरात ठरवलेलं घर हातचं गेलं. बाई मौद्याहून बसने येत राहिल्या. एकदा मला म्हणाल्या, "तुम्ही काहून वाईट वाटून घेता? आलती तर मीच न."

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तेरवीनंतर यजमान माझ्याकडे आले. "आता तरी सांगा मॅडम, खबर कोणी देली होती?"

"निनावी फोन होता," मी म्हणाले.

"लई शिव्या देल्या मी त्याले. आमची मात्र म्हणे, नका देऊ जी, त्यानं तुमच्या भल्यासाठीच देली असंन."

मी त्यांना चहा दिला.

'कापायचं म्हणजे काय हो बाई?' एवढं त्या संध्याकाळी विचारलं असतं, तर बाईंनी घरी जाऊन यजमानांना विचारलं असतं. पण मला तेव्हा न विचारता सगळं कळायचं. आता नातवंडं बोलतात तेव्हा मी शब्दाशब्दाचा अर्थ विचारते. ती म्हणतात, आजीला काहीच कळत नाही. मी हो म्हणते.