पुस्तकाचं घाऊक गिऱ्हाईक

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडमागे भुवनाची मेस आहे. तिचं पुस्तक छापून आल्यापासून तिथे वाचकही जेवायला येऊ लागले. पोंगल संपवून, हात धुऊन ते गल्ल्यापाशी रेंगाळायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "अक्का, तो डाग दाखवाल का?"

भुवना डावी बाही वर सारायची. कोपराखाली इस्त्रीचं टोक उमटलं होतं, काळपट आणि गुळगुळीत. कुणी हात जोडायचं, कुणी फोटो मागायचं. कॉलेजची एक मुलगी तर दोसै पुढ्यात तशीच टाकून रडत बसली होती.

सव्विसाव्या वर्षी नवरा सोडून गेला, तेव्हा भुवना आखातातल्या एका शहरात घरकामाला गेली होती. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. शर्टाची कॉलर जरा करपली म्हणून मालकिणीने तिचा हात इस्त्रीच्या फळीवर दाबला आणि मोठ्या मुलाला तो धरून ठेवायला सांगितलं. मांस चरचरलं, तो वास भुवनाच्या नाकातून अजून गेलेला नाही. पुढे रबरी नळीने मार, मग उपासमार, मग कुलूप. एका सकाळी मालकीण मोरीत असताना तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उडी घेतली. ती एका मोटारीच्या टपावर पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. सरकारी इस्पितळात ती रुग्ण म्हणून पोचली, बरी झाल्यावर तिथल्याच भटारखान्यात कामाला लागली, भाषा शिकली आणि कैक वर्षांनी त्या भटारखान्याची मुख्य होऊन गावी परतली.

हे सगळं तिने तमिळमध्ये लिहिलं. तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातली ती, घरात बोलणं मराठी. पण देवनागरी तिला वाचता येत नाही, तिच्या आईलाही येत नव्हती. तिरुवैयारुला छापखाना असलेल्या शहाजी मास्तरांनी पुस्तक छापलं. तिला आखातात पाठवणाऱ्या एजंटाचं नाव तेवढं त्यांनी गाळायला लावलं. "कोर्टकचेरी कशाला, भुवना? लोकांना उमेद मिळू दे."

उमेद मिळाली. निवृत्त बँक अधिकारी अनिरुद्धराव सांगून गेले, तुमचं पुस्तक वाचून मी पहाटे चालायला लागलो. एका बाईंनी पत्र पाठवलं की माराची पानं कमी केलीत तर मुलांनाही देता येईल. कुठल्याशा क्लबाने शाल घातली. आणि एक दिवस शहाजी मास्तर हसत हसत आले, "ओरत्तनाडूचं एक गिऱ्हाईक आहे बघ. गठ्ठेच्या गठ्ठे नेतंय!"

कोण, ते भुवनाने विचारलं नाही. बरं वाटलं, एवढंच.

मग आषाढातल्या एका दुपारी सरस्वती आली. मेसमध्ये गर्दी ओसरली होती. दारात एक बाई उभी राहिली, चाळिशीची, पदर तोंडाला लावलेला. पदर काढला तसं रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. वरचा ओठ फाटून दोन झाला होता, एक डोळा सुजून मिटला होता. काखेत भुवनाचं पुस्तक होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?" तिने तमिळमध्ये विचारलं.

भुवनाने तिला बाकावर बसवलं आणि ओलं फडकं ओठाला लावलं. बाई कळवळली, "आई गे! हळू गे!"

भुवनाचा हात थबकला. "आमची कां तू?" तिने मराठीत विचारलं.

त्यानंतर सरस्वती मराठीतच बोलली. ओठामुळे शब्द फुटत होते. तिची मुलगी श्रीविद्या एकोणीस वर्षांची. ओरत्तनाडूला नटराजच्या ऑफिसातून तिचं परदेशी जायचं ठरलं होतं. नटराज येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात हे पुस्तक ठेवायचा. म्हणायचा, ही बाई माझ्यामार्फत गेली, चार दिवस सोसलं, आज बघा कुठे पोचली. श्रीविद्याने शेवटची प्रकरणं वाचली आणि बॅग भरली. आईने पहिल्यापासून वाचलं. इस्त्रीच्या पानावर ती उठली आणि पासपोर्ट परत मागायला गेली. नटराजच्या माणसाने, मणीने, तिला जिन्यावरून ओढत खाली आणलं आणि कठड्यावर तोंड आपटलं.

"पोर वरच्या खोलीत आहे. विमान उद्याचं. मी तिला नेऊ नये म्हणून बाहेरून कडी आहे, अक्का."

नटराज! भुवनाला आखातात पाठवणारा एजंट तोच. गठ्ठे नेणारं गिऱ्हाईकही तेच.

तिने मेस तशीच उघडी टाकली. निघताना शहाजी मास्तरांना फोन केला, पोलिसांना घेऊन या म्हणाली, आणि दोघी ऑटोने ओरत्तनाडूला निघाल्या.

काचेच्या दारामागे नटराज बसला होता. टेबलावर तिच्या पुस्तकांची चळत. तिला पाहून तो उठला, हात जोडले. "वा अक्का! तुमचं लिखाण म्हणजे आमचा अभिमान! मी स्वतः तीनदा वाचलं."

"इस्त्रीचं पानही वाचलंस?"

"सगळं वाचलं. त्यातून तर तुम्ही घडलात."

"पोरीला खाली आण."

तो हसला आणि त्याने दाराशी उभ्या मणीकडे पाहिलं. मणीने दार लोटून आतून खिट्टी घातली. पुढचं फार भराभर झालं. सरस्वती जिन्याकडे धावली, मणीने तिची वेणी धरून तिला मागे फेकलं. भुवनाने खुर्ची उचलली आणि काचेच्या दारावर हाणली. एका दणक्यात काच फुटून रस्त्यावर सांडली, समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली. नटराजने तिला मागून पकडलं, मान दाबून कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि पुन्हा. पुस्तकांची चळत कोसळली. डोळ्यांत रक्त उतरलं. तेवढ्यात त्याचा पंजा तिच्या तोंडावर आला आणि भुवनाने तो चावला. दात हाडाला लागेपर्यंत चावला आणि सोडला नाही. तो किंचाळत तिच्या कानशिलात मारत राहिला, तरी सोडला नाही. सरस्वतीने लोखंडी स्टूल मणीच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज बाहेर उभ्या असलेल्यांनीही ऐकला.

मग फुटक्या दारातून माणसं आत शिरली. कुणीतरी वर जाऊन कडी काढली.

श्रीविद्या खाली आली. आईचं तोंड पाहून ती पांढरीफटक पडली. पण बोलली ती भुवनाशी, रागाने. "तुम्ही गेलात ना? तुम्ही टिकलात ना? मग मला कां अडवता?"

फरशीवर बसलेल्या भुवनाच्या तोंडात नटराजचं रक्त होतं. ते थुंकून ती म्हणाली, "त्या घरात माझ्या आधी एक मुलगी होती, लंकेची. मोरीच्या भिंतीवर तिनं नखांनी नाव कोरलं होतं. ती पेटीतून घरी गेली. तिचं पुस्तक कोण वाचणार, सांग."

"हे पुस्तकात नाही," श्रीविद्या म्हणाली.

"नाही. उमेद जाईल म्हणून काढलं."

मास्तरांबरोबर आलेल्या पोलिसांनी सगळ्यांनाच नेलं. नटराजवर गुन्हा नोंदला गेला, तसाच भुवना आणि सरस्वतीवरही, दुखापतीचा. तो थोड्याच दिवसांत जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे. त्याच्या वकिलाने कोर्टात पुस्तकच पुढे केलं. लेखिकेने स्वतः लिहिलंय की परदेशाने तिला घडवलं. भुवनाच्या कपाळावर सात टाके पडले, उजव्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही.

श्रीविद्या दोन महिने आईशी बोलली नाही. मग एका सकाळी ती मेसमध्ये आली, कोपऱ्यातल्या बाकावर बसून पुस्तक पहिल्या पानापासून वाचू लागली. दुपारपर्यंत वाचत राहिली. भुवनाने मधे एकदा कापीचा पेला नेऊन ठेवला, तो तसाच निवून गेला.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी शहाजी मास्तर मजकूर घेऊन मेसमध्ये आले. भुवना म्हणाली, "लंकेची मुलगी आत येईल. नटराज नावानिशी येईल."

"लोक घेणार नाहीत," मास्तर म्हणाले.

"नको घेऊ दे."

लोकांनी कमीच घेतली. क्लबाने पुन्हा बोलावलं नाही. अनिरुद्धरावांनी आपली प्रत परत आणून गल्ल्यावर ठेवली. "अहो, हे वाचून रात्र रात्र झोप लागत नाही मला."

"बसा," भुवना म्हणाली, "इडली गरम आहे." ते बसले. जाताना प्रत उचलून घेऊन गेले.