संजू प्लंबर होता

जय भीम मंडळी. दुपारी संजूला निरोप देऊन आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

संजू म्हणजे इथं इंग्लंडात आपल्या बेसिंगस्टोकचा प्लंबर. शनिवारी हॉकीची मॅच खेळता खेळता मैदानातच कोसळला आणि गेला. चांगला धडधाकट माणूस.

आज हॉलमध्ये वंदना झाल्यावर त्याचा थोरला भाऊ बोलायला उभा राहिला. नागपूरची सगळी माणसं व्हिडिओवर बघत होती. हॉकीचं भरभरून बोलला. मग म्हणे, "माझा भाऊ इथं मोठा इंजिनिअर होता."

आणि "प्लंबर" लिहिलेली संजूची व्हॅन? ती भावानं मागच्या गल्लीत लावायला लावलेली, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून! म्हणजे हॉकीची स्टिक चालते, पाना चालत नाही.

मी चौथी शिकलेली बाई, मला गप्प बसता येत नाही. तिथंच बोलले, "अहो भाऊ, इंजिनिअर कुठला? प्लंबर होता तो. माझा बॉयलर बंद पडला तेव्हा मॅचवरून तसाच चिखलाच्या बुटांनी आला होता."

भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, आई ऐकतेय."

तेवढ्यात स्क्रीनवरून आईच बोलली, "माझ्यापासून काय लपवतोस रे? मागच्या वर्षी इकडं नागपूरला आला तेव्हा अख्ख्या गल्लीचे नळ दुरुस्त करून गेला माझा पोरगा."



आता तुम्हीच सांगा. संडास तुंबला की "संजू, लगेच ये रे" म्हणायचं, आणि तो गेला की त्याचं काम लपवायचं? त्याला कधी लाज वाटली नाही, मग तुम्ही कोण लाजणारे?