समोरच्या अम्मांचा आवाज

आई व्हिजिट व्हिसावर शारजाला आली आणि थोड्याच दिवसांत तिला मैत्रीण मिळाली. रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, समोरच्याच फ्लॅटमध्ये एक तमिळ अम्मा मुलाकडे राहत. मी ऑफिसला गेले की त्या आमच्याकडे येत आणि दोघी टीव्हीवर जुने तमिळ सिनेमे बघत. आईला तमिळ ओ की ठो कळत नव्हतं. अम्मा मोडक्या हिंदीत सांगत, तेवढंच.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "अगं, त्या हिरॉईन होत्या. सिनेमा बघताना म्हणाल्या, 'ये मैं है.'"

मला पटेना. आईने दाखवलेली नटी उंच, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. अम्मा सावळ्या, डोळे काळेभोर. म्हातारपणी डोळ्यांचा रंग कसा बदलेल? ही बाई थापा का मारतेय? तिला आमच्याकडून काय हवंय? मी आईच्या बांगड्या कपाटात घालून कुलूप लावलं.

लिफ्टमध्ये त्यांचा मुलगा भेटला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "अम्मा पिक्चर में कभी नहीं थी, मॅडम." आणि मजला येताच निघून गेला. मग तर माझी खात्रीच झाली.

शुक्रवारच्या सुट्टीत मी मुद्दाम त्यांच्याबरोबर बसले. तीच घाऱ्या डोळ्यांची नटी नवऱ्यापुढे रडत होती. मी विचारलं, "अम्मा, ये आप हैं?"

"ये रोना मेरा है," त्या म्हणाल्या. माझ्या चेहऱ्यावरचा संशय त्यांना दिसला असणार. त्यांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. पडद्यावर ओठ हलत राहिले आणि माझ्या शेजारून विशीतल्या मुलीचा भरून आलेला आवाज यायला लागला. अगदी ओठाला ओठ जुळवून.

माझी लेक आतल्या खोलीतून बाहेर आली. "हू केम, मम्मा?"

कोणीच आलं नव्हतं.

मग अम्मांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणच्या सिनेमांतली हिरॉईन राजाशीसुद्धा वाद घालायची, स्वतःच गायची, सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर तिचं नाव आधी यायचं. पुढे हिरो मोठा झाला. तिच्या वाट्याला रडणं आणि झाडाखालचं गाणं उरलं. नंतर तमिळ न येणाऱ्या मुली बाहेरून आल्या आणि त्यांना आवाज अम्मा द्यायला लागल्या. "तो रोना भी मेरे पास आया. मेरा नाम नहीं आया."

"फिर आपका बेटा ना क्यों बोलता है?" मी विचारलं.

"झूठ नहीं बोलता. पिक्चर में मैं किधर थी? स्कूल में उसने दोस्तों को बताया, सब हँसे. तब से नहीं बताता."

रात्री आईने त्यांना जेवायलाच ठेवून घेतलं. मुलगा न्यायला आला, तेव्हा आईने तिच्या हिंदीत त्याला सगळं सांगितलं. तो दारातच थांबला. मग त्याने अम्मांना तमिळमध्ये काहीतरी विचारलं. त्यांनी आवाज दिलेला एक कोर्टातला सीन आठवतो का, असं विचारतोय, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं.

"भूल गई," त्या म्हणाल्या.

त्याने पायातले बूट काढले, आत येऊन त्यांच्याजवळ बसला आणि त्या सीनचं पहिलं वाक्य हळूच म्हटलं. दुसरं वाक्य अम्मांनी उचललं.